लिहून दिलेला रस्ता

तुरुंगाच्या वाचनालयात सगळ्यात जास्त काय वाचलं जातं, असं लोक मला विचारतात. त्यांना वाटतं, खुनाच्या कादंबऱ्या, नाहीतर देवाधर्माची पुस्तकं. मी सांगते, औषधांच्या खोक्यात घडी करून घातलेले कागद. ते मी गोळा करून एका फायलीत लावलेत आणि ती फाइल आजवर तीनदा नव्याने बांधावी लागली आहे. आत बसलेल्या माणसाला आपल्याला दिली जाणारी गोळी कशाची आहे, हे कोणी सांगत नाही.

एकवीस वर्षं शहरातल्या मोठ्या वाचनालयात काढल्यावर माझी इथे बदली झाली, तेव्हा बहिणीने विचारलं होतं, "तुझा काय गुन्हा?" गुन्हा काही नव्हता, तोंड फटकळ होतं. इथली खोली पूर्वी कपडे वाळवायची होती. छताला अजून दोरीचे हूक आहेत. खिडक्या दोन, त्याही डोक्याच्या वर. जमिनीला स्क्रूने जखडलेली चार टेबलं, तीन हजारांच्या आसपास पुस्तकं, आणि दाराशेजारी लाकडी खणांची एक मोठी मांडणी. प्रत्येक कैद्याला एक खण, खणावर नंबर.

प्रत्येक बराकीला आठवड्यातून एकदा वीस मिनिटं वाचनालय मिळतं. वीस मिनिटांत माणसाचं काय होणार? म्हणून मी मागणी-चिठ्ठी सुरू केली. तळहाताएवढा कागद. वरच्या अर्ध्या भागात प्रश्न, खालच्या अर्ध्यात माझं उत्तर, आणि सगळ्यात खाली एक ओळ, ‘आधार’. उत्तर कुठून घेतलं ते तिथे लिहायचंच, पुस्तक असो की कचेरी. कैद्याला आयुष्यभर सगळ्यांनी ऐकीव माहिती दिलेली असते, वकिलाने, भावाने, शेजारच्या खाटेवरच्याने. निदान मी तरी आधार दिल्याशिवाय एक शब्द देणार नाही, असा माझा बाणा होता. चिठ्ठ्या पेटीत पडत, उत्तरं खणात जात, आणि आमचा शिपाई ती बराकीत नेऊन देई.

काय काय विचारायचे! अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून धरतात की नक्कल हाती आल्यापासून? बायकोने घर विकलं तर माझी सही लागते का? फोनला बटणं नसतील तर नंबर कसा लावायचा? सहा वर्षांच्या मुलीची उंची साधारण किती असते? ही शेवटची चिठ्ठी आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकच गोष्ट मी देऊ शकत नसे, ती म्हणजे नकाशा. नकाशा आत चालत नाही. नवं पुस्तक आलं की ब्लेड घेऊन त्यातले नकाशे कापायचे, हे माझं पहिलं काम. एका जाडजूड नकाशासंग्रहाची आता फक्त मागची सूची उरली आहे. ती मात्र लोक आवडीने वाचतात, त्यात गावांची नावं आहेत म्हणून.

अठ्ठ्याऐंशी नंबरच्या खणाच्या माणसाला सगळे रंगारी म्हणत. बाहेर असताना तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि आत सतरा वर्षं तुरुंगाच्या भिंती. साधी चिठ्ठी लिहिली तरी प्रत्येक अक्षर जाड-बारीक रेषांनी काढायचा, पाटीवर काढावं तसं. त्याची सुटका जवळ आली होती. हुकूम कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं. एखाद्या सकाळी येतो आणि तासाभरात माणूस फाटकाबाहेर असतो. त्याची चिठ्ठी आली: मुलगी नव्या वसाहतीत राहते, पत्ता खाली दिला आहे, बसच्या थांब्यापासून तिच्या घरापर्यंत कसं जायचं?

मी शहराची माहितीपुस्तिका काढली. ती सात वर्षांपूर्वीची होती, वसाहत तिच्यात नव्हतीच. मी लिहिलं, ‘माहिती उपलब्ध नाही.’ आठवड्याने तीच चिठ्ठी परत आली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तो बराकीबरोबर स्वतः आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

"मुलीला कळवा ना, ती न्यायला येईल," मी म्हटलं.

"नको बाई. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे, तिच्या पाळ्या असतात. आणि मला आत टाकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पोलिसांनी धरून नेलं ते तिने पाहिलंय. आता बाप आपल्या पायांनी दारात आला, एवढं तरी तिला दिसू दे."

मी चिठ्ठी ठेवून घेतली. खरं तर मार्ग अगदी सोपा होता. आमचे हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. शहरातली एकही गल्ली अशी नाही की जिच्यातून यांनी साखळी ओढली नाही. त्यांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण आदल्याच दिवशी गॅलरीतल्या कपाटावरून आमचं वाजलं होतं, आणि मी अबोला धरला होता. त्यात तो शुक्रवार, पेटीत चाळीस चिठ्ठ्या, त्यातल्या दोन अपिलाच्या. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "लिहा काहीतरी बाई. म्हातारा दोन दिवस जेवला नाहीये."

मग मी लिहिलं. ‘थांब्यावर उतरून डावीकडे वळा. कोपऱ्यावर औषधांचं दुकान लागेल. तिथून सरळ दोनशे पावलं. पाण्याच्या टाकीखालून जा. पुढे शिंप्याचं दुकान, त्याला लागून बोळ. बोळाच्या शेवटी निळं फाटक. दुपारी चारच्या सुमाराला पोचाल. मुलगी घरी असेल.’ आधाराच्या ओळीवर पेन थोडा वेळ थांबलं. मग लिहिलं, ‘स्थानिक माहिती.’

मी त्या वसाहतीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. म्हटलं, थांब्यावर उतरला की विचारेल कोणाला तरी. लोक सांगतातच.

पण रंगारी चिकट निघाला. फाटकाची कडी कोणत्या बाजूला? मी लिहिलं, डाव्या. दार वाजवायचं की घंटा आहे? घंटा आहे, पितळी. जिन्याला पायऱ्या किती? अकरा. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात मजा यायला लागली होती. दिवसभर कलमं आणि मुदती उतरवणाऱ्या माझ्यासारखीला आपल्या मनाने एक पितळी घंटा लावायला मिळाली, तर हात आवरत नाही.

एका मंगळवारी त्याचा हुकूम आला. जाताना तो पुस्तक परत करायला आला, तेव्हा माझ्या चिठ्ठ्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात होत्या. "पाठ झालंय सगळं," तो म्हणाला आणि हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "जपून जा."

शनिवारी पेटी उघडली तर वरच त्याचं अक्षर.

‘पोचलो. सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे आहे. मुलगी घरी आहे. बोलत नाही. तिच्याशी काय बोलावं?’

मी शिपायाला बोलावलं. त्याने चिठ्ठी उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "कोणाचा तरी चावटपणा आहे," तो म्हणाला. "इथे खोट्या नोटा छापलेले लोक बसलेत बाई. अक्षराचं काय घेऊन बसलात?" ते मला पटलं. तरी मी ती चिठ्ठी रंगाऱ्याच्या जुन्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून पाहिली. नक्कल करणारा वळण साधतो, दाब साधत नाही. इथे दाबही तोच होता.

सोमवारी दुसरी आली. ‘इथे संध्याकाळ किती वाजता होते?’

त्या दोन चिठ्ठ्यांना मी उत्तर दिलं नाही. नोकरीत प्रथमच असं केलं. मनाची समजूत घातली की चावटपणाला उत्तर द्यायचं नसतं.

गुरुवारी मला फाटकाजवळच्या कचेरीत बोलावणं आलं. तिथे एक पंचविशीतली बाई बसली होती. हात साबणाने पांढरे पडलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत नवा कोरा पुरुषी सदरा.

"माझे वडील मागच्या मंगळवारी सुटले, असं इथूनच कळवलं होतं," ती म्हणाली. "आज दहावा दिवस. ते आलेच नाहीत. पोलिसांकडे गेले तर म्हणतात, सुटलेला माणूस आहे, गेला असेल कुठे तरी. त्यांच्या शेवटच्या पत्रात तुमचं लिहिलं होतं. बाईंनी रस्ता लिहून दिलाय, काळजी करू नकोस, असं."

मी विचारलं, "तुमच्या घराला फाटक आहे?"

"फाटक? नाही हो. चौथ्या मजल्यावर राहते मी. लिफ्ट आहे."

"आणि जवळपास शिंप्याचं दुकान?"

"आमच्याकडे दुकानंच नाहीत अजून. का?"

मी म्हटलं, सहज विचारलं. ती थोडा वेळ पिशवीचे बंद ओढत बसली. "इतके दिवस वाटायचं, मी त्यांना ओळखेन की नाही. तीन दिवस रजा घेऊन बसून राहिले मी. बाई, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा ना."

मला तिच्याकडे पाहवेना. खाली मान घालून मी एवढंच म्हटलं, "बघते." वाचनालयात परत आले तर पेटीत तिसरी चिठ्ठी. ‘ती दाराकडे तोंड करून उभी आहे. घरी असेल एवढंच लिहिलं होतं, म्हणून का?’

त्या संध्याकाळी अबोला गेला चुलीत. मी यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील, नाहीतर ‘तरी मला विचारायचं’ म्हणतील. पण त्यांनी कपाटातून मोजणीची जुनी टेप काढली आणि म्हणाले, "रविवारी दुपारी जाऊ."

वसाहत रुंद होती, उघडी, ऊन मावत नव्हतं. दोन्ही बाजूंना एकसारख्या सहा-सहा मजली इमारती, मध्ये सरळ रस्ता. थांब्याच्या डावीकडे विजेची पेटी आणि त्यापुढे वसाहतीची लांबच लांब कुंपणभिंत, पुरुषभर उंच, गिलावा केलेली. औषधांचं दुकान नाही. टाकी नाही.

"ही सगळी जागा मी मोजलीय," हे म्हणाले. "आधी इथे नुसतं गवत होतं. टाकी कधीच नव्हती."

मी दिलेल्या प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवते. ती माझ्या पर्समध्ये होती. का कोण जाणे, मी ती काढली आणि मान खाली घालून, कागद वाचत वाचत चालू लागले. डावीकडे वळा. औषधांच्या दुकानाचा वास असतो ना, कडवट, थंड, तो आला. उन्हाने तापलेल्या गिलाव्याला असा वास येत नाही. मी वर पाहिलं नाही. पावलं मोजत राहिले.

एकशे नव्वदाच्या पुढे ऊन गेलं. मानेवर गार पाण्याचा थेंब पडला.

मग शिवणयंत्राचा आवाज. जवळून. पाय थांबवून कोणीतरी धागा तोडला.

पायाखालची फरशी अरुंद झाली. कागदाच्या कडेपलीकडे मला निळ्या पत्र्याची खालची पट्टी दिसली. मी डावा हात पुढे केला. कडी डावीकडेच होती. लोखंड गार होतं.

"अगं ए! थांब!"

यांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. माझं नाक भिंतीपासून वीतभर होतं. लख्ख ऊन होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"भिंतीत घुसतेस काय?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. चार बोटांच्या टोकांना निळा रंग लागला होता. ओला. त्यांनी खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं. घरी आल्यावर तो रुमाल त्यांनी धुवायला टाकला नाही.

पण त्याआधी त्यांनी काम केलं. भिंतीच्या त्या जागेपासून मुलीच्या इमारतीपर्यंत टेप लावली. दोनदा. मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या मागणी-चिठ्ठीवर ते स्वच्छ अक्षरात उतरवलं.

‘मी आधी लिहिलेलं चूक आहे. निळ्या फाटकातून बाहेर या. उजवीकडे वळा. भिंतीच्या कडेने तीनशे चाळीस पावलं. सहा नंबरची इमारत. लिफ्टने चौथा मजला. उजव्या हाताला तपकिरी दार. तिथे थांबा. खरी मुलगी त्या दारात असेल.’ आधार: ‘प्रत्यक्ष मोजणी.’ खाली मी सही केली, यांचीही घेतली होती.

अठ्ठ्याऐंशीचा खण अजून कोणाला दिला नव्हता. चिठ्ठी त्यात सरकवली आणि शिपायाला बजावलं, "याला हात लावायचा नाही." तो नुसतं "बरं" म्हणाला. हल्ली माझ्याशी सगळेच जपून बोलत.

मंगळवारी सकाळी खण रिकामा होता. शिपायाने शपथ घेतली. मी त्याला म्हटलं, राहू दे.

दहाच्या सुमाराला कचेरीतून निरोप आला, फोन आहे. मी धावत गेले. या वयात आणि त्या फरशीवर.

"बाई, बाबा आले!" मुलगी रडत होती, हसत होती. "आत्ता लिफ्टचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. एकटे. आपल्या पायांनी."

मी खुर्चीवर बसले. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली. कचेरीतला लेखनिक बघत होता, बघेना का.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. अगदी आत्ताच सुटल्यासारखे. दाढीसुद्धा वाढलेली नाही." मग तिचा आवाज खाली आला. "पण आत येत नाहीत."

"म्हणजे?"

"दारात उभे आहेत. हात धरला तर धरू देतात. ओढलं तर पाय उचलत नाहीत. मी म्हटलं, बाबा, मी आहे, घरात या. तर म्हणतात, पुढचं बाईंनी लिहिलेलं नाही."

मी डोळे पुसले. "त्यांना सांगा, मी सांगितलंय म्हणून. उंबरा ओलांडा."

तिने सांगितल्याचं ऐकू आलं. मग पावलाचा आवाज. "आले!" ती म्हणाली. "आत आले, बाई!"

"खुर्ची आहे? बसा म्हणावं."

"बसले."

"मुलीकडे बघा म्हणावं."

तिकडून आले फक्त हुंदके. मी तिला रडू दिलं. सतरा वर्षांचं होतं, घाई कशाला करायची.

"घसा सुकला असेल त्यांचा," शेवटी मी म्हटलं. "पाणी द्या. पाणी प्या म्हणावं."

नळ सुरू झाला, बंद झाला. "घ्या बाबा. बाई म्हणतात, पाणी प्या." मग ती मला म्हणाली, "पिताहेत." तिच्या आवाजात हसू होतं. कितीतरी वर्षांनी कोणाला तरी पाणी दिल्याचं.

मी फोन कानाशी धरून वाट पाहिली. लेखनिकाने कागद उलटला. बाहेर बराकींची मोजणी चालली होती.

"बाई," ती म्हणाली.

"हं?"

"पेला केव्हाच रिकामा झालाय. ते अजून पिताहेत."